नाटकाच्या अटींवर

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबले. सरकारने त्यावर बंदी आणली नव्हती, प्रेक्षकांनीही पाठ फिरवली नव्हती. ज्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने, म्हणजे ‘पीडीए’ने, ते रंगमंचावर आणले, त्याच संस्थेच्या नेतृत्वाने पुढचे प्रयोग करायचे नाहीत असे ठरवले. नाना फडणवीसांचे आणि पेशवाईतल्या ब्राह्मणांचे चित्रण त्यांना मान्य होणारे नव्हते. दिग्दर्शक जब्बार पटेल यांच्यापुढे त्या वेळी दोन सरळ वाटा होत्या. संस्थेचा निर्णय मानून दुसरे नाटक हाती घ्यायचे, ही पहिली. आपल्या बालरोगतज्ज्ञाच्या व्यवसायात लक्ष घालून नाटक हा फावल्या वेळचा छंद मानायचा, ही दुसरी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी वाट धरली. संस्था सोडली, १९७३मध्ये ‘थिएटर अॅकॅडमी’ स्थापन केली आणि जानेवारी १९७४मध्ये तेच नाटक स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा उभे केले. पाठीशी भांडवल नाही, हक्काचे नाट्यगृह नाही, पात्रांचा ताफा मोठा आणि विषय अंगावर येणारा, अशा स्थितीत माणसे हे का करतात, हा प्रश्न मराठी रंगभूमीला वारंवार पडलेला आहे. त्याचे उत्तर सहसा ‘बंडखोरी’ या एका शब्दात उरकले जाते. ते अपुरे आहे, आणि या लोकांनी नेमके काय केले ते झाकणारेही आहे.

बंडखोरी ही प्रेरणा असती तर त्यासाठी नाटकाची गरज नव्हती. एखादे पत्रक, एखादा लेख, एखादी सभा पुरली असती. अवघड नाटक आपल्या बळावर करणाऱ्या दिग्दर्शकाला नाटकच हवे असते, आणि त्याची निकड नाटकाच्या स्वभावातून येते. कादंबरी छापून कपाटात राहिली तरी ती पूर्ण असते. वाचक पन्नास वर्षांनी आला तरी चालते. नाटकाची संहिता मात्र प्रयोगाविना अर्धीच राहते. ‘घाशीराम’ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. विजय तेंडुलकरांची ती संहिता नुसती वाचली तर थोड्या वेळात संपते. तिच्यातले कितीतरी अर्थ शब्दांच्या बाहेर आहेत. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण कधी भिंत होतात, कधी पडदा होतात, कधी गर्दी होतात. पाठ फिरवली की काही घडत असलेले लपते, तोंड वळवले की ते उघडे पडते. कीर्तन, लावणी, अभंग, दशावतारी खेळ यांची रूपे एकमेकांत मिसळतात आणि देवाच्या नावाखाली चाललेला व्यभिचार चालीतूनच कानावर येतो. भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांच्या हालचालींच्या रचना आणि मोहन आगाशे यांचा नाना वजा केले तर कागदावर जे उरते, त्याला ‘घाशीराम’ म्हणता येत नाही. प्रयोग थांबवणे म्हणजे असे नाटक नाहीसे करणे होय. पटेल आणि त्यांचे सहकारी वाचवू पाहत होते ते नाटकाचे हे अस्तित्व.

मग प्रश्न असा की त्यासाठी स्वतंत्र व्हायलाच हवे का? आहे त्या चौकटीत राहून हे जमत नाही का? इथे नाटकाचा व्यवहार समजून घ्यायला हवा. व्यावसायिक रंगभूमीवर निर्मात्याचे गणित प्रयोगामागे मांडले जाते. नाट्यगृहाचे भाडे, कलाकारांची नाइट, बॅकस्टेजच्या मंडळींचे पैसे, नेपथ्याची ने-आण, जाहिरात हे सगळे रोजच्या बुकिंगमधून निघावे लागते. पात्रे वाढली की प्रत्येक प्रयोगाचा खर्च वाढतो. नेपथ्य अवजड झाले की दौरा अवघड होतो. तालमी लांबल्या की पैसा अडकून पडतो. त्यामुळे चार-पाच पात्रे, एकच दिवाणखाना, ठरावीक लांबी आणि ओळखीचा चेहरा यांकडे निर्मात्याचा कल जातो. यात त्याची बेइमानी नसते, ती त्याच्या धंद्याची शिस्त असते. संस्थांची शिस्त वेगळी, पण तीही असतेच. संस्थेला सभासद असतात, हितचिंतक असतात, गावात एक नाव असते, आणि ते नाव जपणे हा पदाधिकाऱ्यांना आपला धर्म वाटतो. तिसरी शिस्त शासनाची. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करण्यापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. या तिन्ही ठिकाणी नाटकाला कोणीतरी अट घालतो: इतकी पात्रे नकोत, हा विषय नको, हे वाक्य नको. नाटकाच्याही स्वतःच्या अटी असतात. ‘घाशीराम’ला तो माणसांचा पडदा हवाच असतो, तो चार जणांत होत नाही. बाहेरच्या अटी आणि नाटकाच्या अटी यांचा मेळ बसेनासा झाला की दिग्दर्शकाला कुठली तरी एक बाजू निवडावी लागते. स्वतंत्र निर्मिती ही नाटकाच्या अटी मानण्याची निवड असते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. पॅरिसमध्ये गॅस कंपनीत कारकुनी करणाऱ्या आंद्रे आंत्वानने १८८७मध्ये ‘तेआत्र लिब्र’ सुरू केले. वर्गणीदारांसाठीच प्रयोग करायचे अशी त्याची रचना होती, त्यामुळे तिकीटबारी आणि सरकारी तपासणी या दोन्हींचा जाच टळला. इब्सेनचे ‘घोस्ट्स’ हे त्या काळी यूरोपात अनेक ठिकाणी निषिद्ध मानले गेलेले नाटक त्याने १८९०मध्ये केले. बर्लिनमध्ये त्याच धर्तीवर निघालेल्या ‘फ्राये ब्यूने’ने १८८९मध्ये आपला आरंभच या नाटकाने केला, आणि लंडनमध्ये जे. टी. ग्राइनच्या ‘इंडिपेंडंट थिएटर’नेही १८९१मध्ये तेच केले. तीन वेगळ्या देशांतली, तीन वेगळ्या स्वभावांची माणसे स्वतंत्र होताना एकाच नाटकापाशी आली, हा योगायोग नाही. नाटक आधी होते, त्याला जागा नव्हती, म्हणून जागा निर्माण करावी लागली. ग्राइनच्या त्या छोट्या संस्थेने पुढच्याच वर्षी बर्नार्ड शॉचे पहिले नाटक रंगमंचावर आणले. या हालचालींचे पडसाद मराठीतही उमटले. १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले ते नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर आधारलेले होते. संगीत नाटकांच्या ओहोटीच्या काळात वास्तववादी नेपथ्य, आटोपशीर रचना आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करणे या गोष्टी त्या मंडळींनी आग्रहाने केल्या, कारण ते नाटक दुसऱ्या पद्धतीने होण्याजोगे नव्हते.

साठ आणि सत्तरच्या दशकांत मराठी रंगभूमीवर हे वारंवार घडले, आणि दर वेळी अडचणीचे रूप वेगळे होते. श्रीराम लागूंनी १९७०मध्ये ‘गिधाडे’ केले. एका कुटुंबातली लोभाने पेटलेली हिंसा इतक्या उघडपणे मांडणारे हे नाटक लिहून बरीच वर्षे झाली होती, पण ते करायला कोणी धजावत नव्हते. सत्यदेव दुबे यांच्या ‘थिएटर युनिट’तर्फे ते झाले. गर्भपाताच्या प्रसंगानंतर माणिक या पात्राच्या वस्त्रावर दिसणाऱ्या लाल डागाला परिनिरीक्षकांनी हरकत घेतली. डाग निळा करण्यात आला आणि तो लाल समजावा असे प्रेक्षकांना आधी सांगण्यात आले. यातून लागूंची भूमिका स्पष्ट होते. रंग बदलायला ते तयार झाले, कारण त्याने नाटक मोडत नव्हते. डाग गाळायला तयार झाले नाहीत, कारण तो गाळला असता तर कृत्याचा पुरावाच पुसला गेला असता. कमलाकर सारंगांची अडचण निराळी. १९७२मध्ये त्यांनी ‘सखाराम बाइंडर’ दिग्दर्शित केले आणि त्याच्या निर्मितीचा भारही उचलला. निळू फुले आणि लालन सारंग यांच्या भूमिका असलेल्या या नाटकावर थोडेच प्रयोग झाल्यावर परिनिरीक्षणाचा बडगा आला, आणि सारंग उच्च न्यायालयात गेले. तो लढा त्यांनी जिंकला व पुढे ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात त्याची हकीकत लिहून ठेवली. लागू व्यवसायाने डॉक्टर, जब्बार पटेल आणि मोहन आगाशेही डॉक्टर. थिएटर अॅकॅडमीतल्या बहुतेकांची पोटापाण्याची सोय नाटकाबाहेर होती. ही माहिती गौण नाही. पोट दुसऱ्या कशावर तरी चालत असल्यामुळेच त्यांना नाटकाच्या बाबतीत ‘नाही’ म्हणता आले. स्वातंत्र्याला आर्थिक पाया लागतो, आणि तो या पिढीने आपल्या पगारातून आणि प्रॅक्टिसमधून घातला.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येतो की ही सगळी दिग्दर्शकाच्या अहंकाराला दिलेली गोंडस नावे आहेत. संस्था, निर्माते, जाणकार नको म्हणत असताना ‘मला करायचेच आहे’ असा हट्ट धरणे म्हणजे स्वतःला नाटकापेक्षा मोठे समजणे, असे हा आक्षेप सांगतो. अहंकार कलावंतात असतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो ओळखण्याची एक कसोटी आहे. मिळालेले स्वातंत्र्य दिग्दर्शकाने कशासाठी वापरले ते पाहावे. ते स्वतःला पुढे आणण्यासाठी वापरले असेल तर नाटकात दिग्दर्शकच दिसत राहतो. नाटकाची गरज भागवण्यासाठी वापरले असेल तर इतरांनाही जागा मिळते. थिएटर अॅकॅडमी ‘घाशीराम’साठी निघाली, पण त्याच संस्थेत १९७४मध्ये सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’ आणि १९७९मध्ये ‘बेगम बर्वे’ स्वतः लिहून दिग्दर्शित केले. मधल्या काळात, १९७८मध्ये, पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तवरून केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ तिथेच झाला. एका माणसाच्या हट्टाने उभी राहिलेली गोष्ट त्याच्या एका नाटकाबरोबर संपते. इथे नव्या नाटककाराला घर मिळाले. मृत्यूनंतरचे विधी कीर्तनाच्या अंगाने, हसत हसवत मांडणारे ‘महानिर्वाण’ त्या काळच्या निर्मात्यांच्या कोणत्याही ठरीव साच्यात बसणारे नव्हते.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांच्या बाजूचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. लोकांना नको असलेले नाटक शंभर-दोनशे जाणकारांसमोर करायचे आणि त्याला रंगभूमीची सेवा म्हणायचे, यात समाजाचा काय लाभ? दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात ‘आविष्कार’ने चालवलेल्या प्रयोगांविषयी असे बोलले जाई. जागा लहान, सोयी बेताच्या, प्रेक्षक ठरावीक. पण लहान प्रेक्षकसंख्या ही या नाटकांची कायमची नियती नव्हती. ‘सखाराम बाइंडर’ तिकीट काढून आलेल्या सामान्य लोकांनीच पाहिले. ‘घाशीराम’ १९८०मध्ये यूरोपच्या दौऱ्यावर गेले आणि भारतीय आधुनिक नाटकाची ओळख म्हणून जगभर मानले गेले. महेश एलकुंचवारांच्या वाडा नाट्यत्रयीचा प्रवास तर याहून बोलका आहे. तिचा पहिला भाग, ‘वाडा चिरेबंदी’, विजया मेहतांनी १९८५मध्ये ‘कलावैभव’तर्फे मुख्य धारेत केला होता. म्हणजे मुख्य धारा अवघड नाटक मुळीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ असे तिन्ही भाग एकाच दिवशी सलग करण्याची कल्पना कोणत्याही निर्मात्याच्या वेळापत्रकात मावणारी नव्हती. आठ-नऊ तास चालणारा तो प्रयोग चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४मध्ये ‘आविष्कार’तर्फे केला. विदर्भातल्या देशपांड्यांच्या घराचा ऱ्हास पिढ्यांच्या ओघात, एका बैठकीत पाहण्यातूनच त्या लेखनाची व्याप्ती कळते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे २०१०नंतरच्या दशकात कुलकर्णींनीच ही नाटके व्यावसायिक मंचावर पुन्हा आणली तेव्हा त्यांना भरघोस प्रेक्षक मिळाला. स्वतंत्र प्रयोगाने आधी जमीन तयार केली, नंतर तिच्यावर मुख्य धारेला पीक घेता आले. आज ज्या नाटकांना आपण अभिजात म्हणतो त्यांतली कितीतरी पहिल्यांदा कोणाच्या तरी जोखमीवर झाली आहेत. प्रेक्षक तयार असेल तेव्हाच नाटक करू, असे प्रत्येकाने ठरवले असते तर तो प्रेक्षक कधीच तयार झाला नसता.

तिसरा आक्षेप भावना दुखावण्याचा. ‘घाशीराम’च्या बाबतीत तो तीव्र होता. उत्तर पेशवाईचा कारभार एकहाती सांभाळणाऱ्या मुत्सद्द्याला रंगमंचावर कामुक आणि कावेबाज दाखवणे अनेकांना इतिहासाची विटंबना वाटले. या लोकांना मूर्ख किंवा प्रतिगामी ठरवून विषय मिटत नाही. आपल्या इतिहासाशी माणसांचे नाते जिव्हाळ्याचे असते आणि त्याची बूज राखली पाहिजे. पण नाटक काय सांगते तेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या कोतवालाने डांबून ठेवलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१मध्ये जमावाने घाशीरामला दगडांनी ठेचून मारले, हा इतिहास आहे. तेंडुलकरांनी त्या घटनेवरून सत्तेविषयी एक नाटक रचले. सत्ता आपली घाणेरडी कामे करायला एक माणूस नेमते, त्याचा उन्माद वाढू देते, आणि लोक चिडले की त्याला त्यांच्या हवाली करून स्वतः नामानिराळी राहते, हे त्या नाटकाचे म्हणणे आहे. ते पुण्यापुरते नाही आणि पेशवाईपुरतेही नाही. म्हणून तर परदेशातल्या प्रेक्षकांनाही ते लगेच भिडले. असे नाटक दाखवले, त्यावर वाद झाला, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिले गेले, तर समाज विचार करतो. ते दाखवलेच नाही तर आक्षेप घेणाऱ्यालाही आपण नेमका कशावर आक्षेप घेतो आहोत हे कळत नाही. स्वतंत्र निर्मितीचा आग्रह इथे लोकांच्या हिताशी जुळतो. न पाहिलेल्या नाटकाविषयीचा निर्णय चार माणसांनी बंद खोलीत घेऊ नये, एवढेच तो म्हणतो.

चौथा आक्षेप मात्र असा आहे की ज्याचे पूर्ण निरसन होत नाही, आणि प्रामाणिकपणे तो मान्य करायला हवा. स्वतंत्र नाटकाची किंमत दिग्दर्शक एकटा चुकवत नाही. नट-नट्या, तंत्रज्ञ, मंचामागची मंडळी कित्येक महिने बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर राबतात. ज्यांच्या घरी नोकरी आहे, शहरात राहायला जागा आहे, संध्याकाळ मोकळी आहे त्यांनाच हे परवडते. त्यामुळे प्रायोगिक रंगभूमी बराच काळ पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित मध्यमवर्गाची राहिली, हा आरोप खोटा नाही. ज्या पायावर सत्तरच्या पिढीचे स्वातंत्र्य उभे होते, तोच पाया इतरांना दार बंद करणारा ठरला. पण यातून निघणारा निष्कर्ष स्वतंत्र नाटक बंद करावे असा नाही. ते अधिक लोकांच्या आवाक्यात यावे असा आहे. तसे झाल्याची उदाहरणेही आहेत. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे २०१२मधले नाटक जालना जिल्ह्यातल्या राजकुमार तांगडे यांनी लिहिले, त्याची कल्पना शाहीर संभाजी भगत यांची आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचे. त्यात काम करणाऱ्यांत शेतकरी कुटुंबांतली मंडळी होती. शिवाजी महाराज कोणाचे, हा महाराष्ट्रातला सर्वांत नाजूक प्रश्न त्यांनी शाहिरीच्या जोमाने आणि खेडेगावच्या बोलीत मांडला आणि राज्यभर प्रयोग केले. डॉक्टरकीचा आधार नसलेल्या माणसांनाही नाटकाची तीच निकड जाणवते, आणि संधी मिळाली तर ती माणसे अधिक दूरवर पोहोचतात.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट पुढे येते. दिग्दर्शक स्वतंत्र होतो तेव्हा तो आपल्यावरची बंधने झुगारून मोकळा होत नाही. बाहेरच्या अटींऐवजी नाटकाच्या अटी अंगावर घेतो, आणि त्या सहसा अधिक कडक असतात. माणसांचा पडदा म्हणजे प्रत्येक दौऱ्यात तितक्या माणसांची राहण्या-जेवण्याची सोय. सलग नऊ तासांची त्रयी म्हणजे नटांच्या दमसासाची परीक्षा. न्यायालयात जाणे म्हणजे तालमीचे दिवस वकिलाच्या दारात घालवणे. एवढे सोसण्यामागे कोणती तरी ज्वलंत निष्ठा असावीच लागते, आणि ती निष्ठा नाटककाराने जे पाहिले ते पूर्णपणे लोकांसमोर यावे याविषयीची असते.

ही निष्ठा टिकवायची असेल तर ती केवळ काही धाडसी माणसांच्या त्यागावर सोपवून चालणार नाही. छबिलदाससारखी स्वस्त भाड्याची लहान सभागृहे ही या चळवळीची खरी गरज होती, आणि आजही प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ती नगरपालिकेला उभारता येतील, शाळांची सभागृहे संध्याकाळी खुली करता येतील. १९५४पासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा हौशी कलावंतांना दरवर्षी एक प्रयोग देते. स्पर्धेतल्या चांगल्या नाटकांना पुढचे वीस-पंचवीस प्रयोग मिळतील अशी व्यवस्था झाली तर तिचे मोल कितीतरी वाढेल. प्रयोगापूर्वी संहितेची तपासणी करण्याच्या नियमाला अमोल पालेकर यांनी २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. छापील पुस्तकाला अशी पूर्वपरवानगी लागत नसेल, तर तेच शब्द रंगमंचावर बोलण्यासाठी ती का लागावी, या प्रश्नाला आपण समाज म्हणून उत्तर देणे लागतो. आणि प्रेक्षक म्हणून आपला वाटाही आहे. अवघड नाटकाचे तिकीट काढून पाहायला जाणे, ते पटले नाही तर तसे मोकळेपणाने सांगणे आणि तरीही पुढचे पाहायला जाणे, एवढे आपण केले तर दिग्दर्शकाला नाटक उभे करण्यासाठी आपली संस्था, नोकरी किंवा बचत पणाला लावावी लागणार नाही. त्याची सगळी ताकद मग तालमीत लागेल, आणि ती तिथेच लागायला हवी.